जुन्याचा मान, नव्याला थारा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "घरात जुने कुत्रे असताना नवे पिल्लू आणले तर त्या दोघांची ओळख कशी करून द्यावी, यावर बोलेन." त्या क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. वर्धापनदिनाच्या व्यासपीठावरून आहार, आरोग्य, काटकसर असे विषय यायचे. त्यांत हे कुत्र्याचे पुराण कोठून आले, असे तुमच्यापैकीही काहीजणींना वाटले असेल.

पण विचार करून पाहा. घरचे कुत्रे राखणीसाठी म्हणून पुरुषमाणसे आणतात, खेळायला म्हणून मुले आणतात. त्याला भाकरी घालते कोण? पिल्लू रात्री केकाटू लागले म्हणजे उठते कोण? आणि दोघांची जुंपली म्हणजे हातातले पीठ तसेच ठेवून धावते कोण? तेव्हा हा विषय आपल्या गृहकृत्यातलाच आहे. शिवाय तो वाटतो तेवढा किरकोळही नाही. त्यात पिल्लाचा जीव आहे, म्हाताऱ्या कुत्र्याचे उरलेले आयुष्य आहे आणि आपल्या लेकरांचे हातपायही आहेत.

आपल्याकडचे घर म्हणजे शहरातले बंद दाराचे बिऱ्हाड नव्हे. कुडाच्या भिंती, पुढे पडवी, सारवलेले अंगण, एका कडेला कोंबड्यांचे डालगे, दुसऱ्या कडेला शेळ्या, आणि शेजार असतो हाकेच्या अंतरावर. सूर्यमाळ, खोडाळा, दाभोसा या बाजूच्या पाड्यांवर रात्र पडली म्हणजे घराला जाग असते ती कुत्र्याचीच. नाचणी-वरईच्या शेतावर रानडुकरे येतात, तेव्हाही माळ्याखाली कुत्रेच बसलेले असते. ते थकले, त्याला कमी ऐकू येऊ लागले, की घरातले म्हणतात, "आता एक पिल्लू आणून ठेवू या."

दुसरी एक वेळ असते ती पावसाच्या तोंडाशी. दिवाळीनंतर आपल्याकडची कितीतरी कुटुंबे भिवंडी, वाडा, वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. घरी राहते आजी आणि तिच्या सोबतीला म्हातारे कुत्रे. कामे संपून मंडळी परततात, तेव्हा पोरांच्या कडेवर पुष्कळदा भट्टीवरचे एखादे पिल्लूही असते. इतके महिने ज्याने आजीची राखण केली, त्याच्या अंगणात ते पिल्लू ठेवले जाते आणि सगळी मुले त्याच्याभोवती गोळा होतात. आपण सोयीसाठी त्या जुन्या कुत्र्याला मोत्या म्हणू. आपली माणसे आली म्हणून मोत्या शेपूट हलवीत धावत येतो, तो त्याच्याकडे पाहायला कोणाला सवड नाही! तो पिल्लाजवळ जातो, गुरगुरतो आणि पाठीत काठी खातो. "एवढ्याशा जिवावर गुरगुरतोस, लाज नाही वाटत?" त्याला त्या क्षणी एकच गोष्ट कळते: हे पिल्लू आले आणि मला काठी बसली. पुढचे सगळे वैर तेथून सुरू होते.

थोरल्या मुलाच्या पाठीवर दुसरे मूल झाले, म्हणजे शहाणी आजी काय करते, ते आठवा. बाळाला पाहायला येणाऱ्या बायांना ती सांगते, "आधी मोठ्याला जवळ घ्या गं." बाळाच्या नावाने खाऊ आला तरी तो थोरल्याच्या हातावर ठेवते. बाळ आल्याने आपले काही गेले नाही, उलट खाऊ वाढला, असे त्याच्या मनात भरवते. जनावराचे मन काही वेगळे नसते. मला आज जे सांगायचे आहे ते सारे या एका गोष्टीत आहे: जुन्याचा मान राखला, तरच नव्याला थारा मिळतो.

आपण महाभारताची कथा ऐकतो. तिच्या आरंभीच, आदिपर्वात, जनमेजयाच्या यज्ञाच्या ठिकाणी सरमा नावाच्या देवशुनीचे पिल्लू येते आणि राजाचे भाऊ त्याला मारून हाकलतात. ते रडत आईकडे जाते. त्याने यज्ञातल्या वस्तूंना तोंड लावलेले नसते, तिकडे पाहिलेलेही नसते. सरमा जाब विचारायला जाते, तिला उत्तर मिळत नाही, तेव्हा ती शाप देते की अपराध नसता मारलेत, तर तुमच्यावरही न दिसणारे भय येईल. आणि त्याच ग्रंथाच्या अखेरीस धर्मराज सोबतीच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात पाऊल ठेवायला तयार होत नाही. आरंभी निरपराध पिल्लू आणि शेवटी वाटेवरचा सोबती! आपल्या अंगणात हे दोघेही एकदमच असतात. एकासाठी दुसऱ्याला मारणे हा अन्याय तर आहेच, पण सरमेचा शाप व्यवहारातही खरा होतो. विनाकारण मार खाल्लेल्या प्राण्याच्या मनात भय बसते आणि ते भय पुढे दातांतून बाहेर पडते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट पिल्लाच्या वयाची. डोळे उघडले, चार पावले टाकू लागले, की मुले पिल्लू उचलून आणतात. तसे करू देऊ नये. आठ आठवडे, म्हणजे पुरते दोन महिने, ते आईजवळ व भावंडांत राहू द्यावे. फार जोराने चावले तर भावंड ओरडते आणि खेळ मोडते. आई गुरगुरली की मागे सरायचे असते. हे धडे ते तेथेच शिकते. अमेरिकेत मेन प्रांतातील बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या दोघा शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या पिल्लांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९६५ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाला इतरांशी नाते जोडण्याचा असतो, असे त्यांना दिसून आले. त्या काळातले पहिले पाच-सहा आठवडे आपल्याच जातीत गेले आणि उरलेले आपल्या घरात गेले, तर पिल्लू दोघांचीही भाषा शिकते. फार लवकर आणलेल्या पिल्लाला म्हाताऱ्या कुत्र्याची गुरगुर समजतच नाही. ते पुन्हा पुन्हा अंगावर जाते आणि चावा घेऊन बसते.

दुसरी गोष्ट रोगराईची. पिल्लाच्या पोटात बहुधा जंत असतातच. घरी आणताच जंताचे औषध द्यावे. त्याहून भारी असतो पार्व्होचा आजार. पिल्लाला उलट्या होतात, रक्ताचे जुलाब होतात आणि दोन-चार दिवसांत ते हातचे जाते. १९७८ च्या सुमारास हा रोग जगात पहिल्याने दिसला. त्याचे विष जमिनीत कित्येक महिने टिकते. म्हणून ज्या अंगणात अशा आजाराने पिल्ले गेली असतील, तेथे वर्षभर नवे पिल्लू आणू नये. सहा ते आठ आठवड्यांपासून पिल्लाला या रोगांची लस टोचता येते. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा द्यावी लागते. कधी, किती, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे. मोत्याच्या टोचण्या राहिल्या असतील तर पिल्लू येण्याआधी त्या पुऱ्या कराव्या.

तिसरी गोष्ट वासाची. आपण माणूस चेहऱ्याने ओळखतो, कुत्रे वासाने ओळखते. म्हणून पिल्लू आणण्याआधी चार दिवस एखादे जुने फडके त्याच्या अंगाखाली घालून आणावे आणि मोत्याच्या जागेपासून थोड्या अंतरावर ठेवावे. तो हुंगून निघून गेला तर उत्तमच. त्या फडक्याजवळ त्याला भाकरीचा तुकडा द्यावा. मोत्याच्या अंगाखालचे पोते तसेच पिल्लाकडे न्यावे. चेहरे दिसण्याआधी अशी ओळख झाली म्हणजे अर्धे काम होते.

आता भेटीचा दिवस. भेट अंगणात कधीही करू नये. अंगण मोत्याचे आहे, ते राखण्यासाठीच आपण त्याला ठेवले आहे. तेथे परका आला तर त्याने काय करावे? खळ्यावर, बांधावर, मोकळ्या माळावर, जेथे गावभरची कुत्री हिंडत नाहीत अशी जागा पाहावी. वेळ थंड असावी. मोत्या पोटभर जेवलेला आणि थोडा फिरून आलेला असावा. माणसे दोनच असावीत, एक मोत्याजवळ, एक पिल्लाजवळ. मुलांची जत्रा त्या दिवशी घरी ठेवावी. मोत्याचे दावे हातात असावे पण ढिले. आपण दोरी ताणली की काहीतरी धोका आहे, असेच त्याला वाटते.

दोघांना समोरासमोर उभे करू नये. एकाच दिशेने, थोडे अंतर ठेवून, बरोबरीने चालवावे. चालता चालता अंतर कमी करावे. मग पिल्लाला जमिनीवर राहू देऊन मोत्याला मागच्या बाजूने हुंगू द्यावे. कडेवर घेऊन त्याच्या नाकासमोर धरू नये. तीन-चार अंक मोजावे आणि त्याला प्रेमाने हाक मारून बाजूला घ्यावे, शाबासकी द्यावी. असे तीन-चारदा करावे. परतताना मोत्या पुढे आणि पिल्लू मागे. घरात आधी मोत्याने शिरावे. त्याआधी त्याची थाळी, हाडूक, पोते, ज्यावरून भांडण होईल ते सारे उचलून ठेवलेले असावे.

भट्टीवरून येणाऱ्या भगिनींना माझे आणखी एक सांगणे आहे. पिल्लू आणलेच असेल तर ते वेशीपाशी कोणाच्या तरी हाती ठेवून आधी घरी जा. मोत्याला भेटा, त्याला तुमचे अंग हुंगू द्या, त्याचे स्वागत पुरते होऊ द्या. मग संध्याकाळी पिल्लाची भेट घडवा. तासा-दोन तासांचाच प्रश्न असतो.

पुढचे पंधरा दिवस महत्त्वाचे. दोघांच्या थाळ्या वेगळ्या, जागा वेगळ्या, आणि वाढायचे आधी मोत्याला. पिल्लाचे खाणे दिवसातून तीन-चार वेळा होते; तेवढ्या वेळा मोत्यालाही घासभर द्यावे, म्हणजे पिल्लाच्या जेवणाची वेळ त्याला आपलीही वाटू लागते. आपण भाताच्या कामाला गेलो, पाण्याला गेलो, तर दोघांना एकत्र सोडून जाऊ नये. पिल्लाला मोठ्या डालग्याखाली किंवा खोलीत सावलीला ठेवावे. मोत्याची जी निजण्याची जागा असेल तेथे पिल्लाला फिरकू देऊ नये. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखतात, दात दुखतात, डोळ्यांनी नीट दिसत नाही. झोपेत पिल्लू अंगावर पडले की ते दचकून चावते. यात त्याचा दुष्टपणा नसतो.

गुरगुरण्याबद्दल मुद्दाम सांगते. गुरगुरणे म्हणजे कुत्र्याने तोंडाने दिलेली सूचना. "पुरे, आता दूर हो," एवढाच तिचा अर्थ. ती सूचना मारून बंद केली, तर ते कुत्रे पुढे न गुरगुरताच चावेल. मोत्या गुरगुरला आणि पिल्लू मागे सरले, तर आपण मध्ये पडू नये. शाळा चालू आहे असे समजावे. तोंड फिरवणे, जांभई देणे, ओठ चाटणे, उठून दूर जाणे, ही सारी "मला त्रास देऊ नका" अशी खूण असते. तेव्हा पिल्लालाच उचलून दुसरीकडे न्यावे. पण मोत्याचे अंग ताठ झाले, शेपूट वर ताठ उभी राहिली, नजर पिल्लावर रोखून तो थबकला, तर वेळ न दवडता दोघांना वेगळे करावे. टाळी वाजवावी, हाक मारावी, मध्ये सूप किंवा चटई धरावी. हात मात्र कधीही मध्ये घालू नये. आणि शेपूट हलते आहे म्हणजे सर्व ठीक आहे असे समजू नये. रागावलेले कुत्रेही शेपूट हलवते.

साधारण चार महिन्यांपर्यंत मोठी कुत्री पिल्लांचे पुष्कळ सोसतात. दुधाचे दात पडू लागले, अंग भरू लागले, की ही सवलत संपते. म्हणून सहाव्या महिन्यापासून वर्षापर्यंत पुन्हा एकदा लक्ष ठेवावे लागते. दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या असल्या तर भांडणे अधिक होण्याचा संभव असतो. योग्य वयात शस्त्रक्रिया करून घेतली तर बरीच कटकट वाचते आणि दर वर्षी नकोशी पिल्ले रस्त्यावर सोडण्याचे पापही टळते.

कोणी म्हणेल, एवढी खटपट कशाला? दोघे भांडून भांडून आपोआप एक होतील. सपाटीच्या गावात कदाचित होतीलही. पण आपल्या डोंगरात भांडणाची किंमत वेगळी आहे. म्हाताऱ्याने पडवीत येऊ दिले नाही, तर पिल्लू रात्री अंगणाबाहेर झोपते, आणि अंगणाबाहेर कोण येते ते आपल्याला ठाऊक आहे. सह्याद्रीच्या पलीकडे अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास केला. त्याच्या भक्ष्यात वजनाच्या मानाने ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. आपण वाघबारशीला वाघोबाला पुजतो, त्याचा मान त्याला देतो. पण आपल्या हाताने त्याच्यापुढे पिल्लू नेऊन ठेवणे काही त्या पूजेत येत नाही. म्हणून दोघांनाही रात्री पडवीच्या आत, दार लावून निजवता आले पाहिजे. आणि ते एका छपराखाली शांतपणे निजतील, यासाठीच ही पंधरा दिवसांची खटपट!

आता शेवटचा आणि सर्वांत गंभीर मुद्दा. दोन कुत्र्यांची जुंपली की मुले सोडवायला धावतात आणि चावा त्यांना बसतो. पिल्लाच्या दातांचा ओरखडाही आपण हसण्यावारी नेतो. पिसाळण्याचा रोग पिल्लालाही होतो, हे लक्षात ठेवा. जगात दर वर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतील सुमारे एकतृतीयांश मृत्यू आपल्या देशात होतात. एकदा लक्षणे दिसू लागली की हा रोग जवळजवळ कधीच बरा होत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो पुरता टळतो. पाश्चरने १८८५ साली जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्याने ही लस टोचून वाचवले, त्याला आता एक शतक होऊन गेले. तरीही आपल्याकडे चाव्यावर तिखट, चुना, हळद लावून माणसे घरी बसतात. तसे काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि थेट दवाखाना गाठा, जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून जुन्या माणसांच्या मनात आहे; ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडावर टोचतात. पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या, अशा डॉक्टर सांगतील त्या सर्व दिवशी जावे; एकही चुकवू नये. जखम खोल असेल तर लशीबरोबर आणखी एक औषध जखमेतच टोचावे लागते, त्यालाही नाही म्हणू नये. आणि आपल्या कुत्र्याला तीन महिन्यांचे झाले की पिसाळण्याची लस टोचून घ्यावी, मग दर वर्षी.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. हळदीकुंकवाची यादी आपण ठेवतो, भिशीची वही ठेवतो. तशीच एक छोटी वही आळीतल्या आणि पाड्यावरच्या कुत्र्यांची ठेवू या. कोणाच्या घरी कुत्रे आहे, त्याला लस कधी टोचली, नवे पिल्लू कोठून आले, एवढेच त्यात लिहायचे. २८ सप्टेंबर हा पाश्चरचा स्मृतिदिन जगभर रेबीजविरोधी दिन म्हणून पाळतात. त्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्याला विनंती करून आपण सर्व कुत्र्यांना एकत्र लस टोचून घेऊ शकू. दिवाळीनंतर कामाला जाणाऱ्या घरांची कुत्रीही त्यात येऊन जातील.

भगिनींनो, जुने कुत्रे नव्याला पुष्कळ शिकवते. कोंबडीच्या मागे धावायचे नाही, शेळ्यांत शिरायचे नाही, शेजारची कोण आणि परका कोण, हे आपण पिल्लाला शिकवू लागलो तर वर्ष पुरत नाही. मोत्या ते चार महिन्यांत शिकवतो, आणि स्वतः गेला तरी त्याची राखण अंगणात मागे राहते. त्याने ते आनंदाने शिकवावे, यासाठी त्याचे पोते, त्याची थाळी आणि आपल्या हाताचा पहिला स्पर्श, एवढ्या तीन गोष्टी त्याच्याच राहू द्या.